उस्मानाबादमध्ये गायब झालेल्या माणसांचा हिशोब मांडणारे पंडित सुंदरलाल, ज्यांचा अहवाल सरकारनं कपाटात ठेवला

मुरुम, उमरगा, नळदुर्ग या पट्ट्यात एखाद्या घरात जुना विषय निघाला, तर सालाऐवजी एक वेगळाच शब्द ऐकू येतो. रझाकारी. अमक्याचं लग्न रझाकारीच्या आधी झालं, तमक्याचा वाडा रझाकारीत जळाला. आणि मग थोडा आवाज खाली करून दुसरा शब्द येतो, पोलीस ॲक्शन.

पहिल्या शब्दावर पुस्तकं आहेत, हुतात्म्यांची स्मारकं आहेत, दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं. दुसऱ्या शब्दानंतरच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं, यावर मात्र फार कुणी बोलत नाही. त्या महिन्यांत या भागातली हजारो माणसं मेली किंवा दिसेनाशी झाली. मागे राहिलेल्या बायकांनी, आईबापांनी विचारलं, आमची माणसं कुठं आहेत? तेव्हा तो प्रश्न गावोगाव फिरून ऐकून घेणारा आणि कागदावर उतरवून थेट पंतप्रधानांच्या हातात देणारा एक माणूस होता. नाव पंडित सुंदरलाल.

मराठवाड्याशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता. जन्म २६ सप्टेंबर १८८६ चा, गाव खतौली, आजच्या उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातलं. घर कायस्थांचं, वडील सरकारी नोकरीत. पोरगा लाहोरच्या डीएव्ही कॉलेजात शिकायला गेला आणि तिथं लाला लजपतराय यांच्या प्रभावाखाली आला. पुढं अलाहाबादला आल्यावर तर सरळ राजकारणातच उतरला. १९०९ साली त्यांनी अलाहाबादहून कर्मयोगी नावाचं हिंदी पत्र सुरू केलं. मजकूर जहाल होता. इंग्रजांच्या प्रेस कायद्याचा फास आवळला गेला आणि पत्र लवकरच बंद पडलं. पुढं भविष्य नावाचं पत्र काढलं, त्यावरही सरकारची नजर होतीच.

गांधीजी आल्यावर सुंदरलाल बाँबच्या राजकारणाकडून सत्याग्रहाकडं वळले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचं नाव काढलं की आपल्याला नागपूर आठवतं, पण त्याची ठिणगी पडली जबलपूरला. दोन्ही शहरं तेव्हा एकाच मध्य प्रांतात होती. जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगा लावायचा की नाही यावरून वाद पेटला, मार्चमध्ये मिरवणूक निघाली, पुढं होते सुंदरलाल. सहा महिन्यांची शिक्षा झाली. ते आत गेल्यावर मे महिन्यात नागपूरला जमनालाल बजाज यांनी लढा उचलला.

पण देशभर त्यांचं नाव झालं ते एका पुस्तकामुळं. भारत में अंगरेज़ी राज. इंग्रजांनी हा देश कसा घेतला आणि कसा लुटला, याचा हिंदीतला जाडजूड इतिहास. १८ मार्च १९२९ ला पुस्तक बाहेर पडलं आणि २२ मार्चला त्यावर बंदी आली. फक्त चार दिवस! पण तेवढ्यात दोन हजारांच्या आवृत्तीतल्या बहुतेक प्रती ग्राहकांकडं रवाना झाल्या होत्या. मग पोलीस पोस्टातून आणि लोकांच्या घरांतून प्रती शोधत फिरले. बंदी उठली ती १९३७ मध्ये, प्रांतात काँग्रेसचं सरकार आल्यावर.

हे पुस्तक प्रकरण लक्षात ठेवा, कारण पुढं ते परत आठवणार आहे.

सुंदरलाल यांचा दुसरा ध्यास होता हिंदू-मुस्लिम एकीचा. गीता आणि कुराण शेजारी ठेवून दोन्हींत काय सारखं आहे हे सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. हिंदी की उर्दू या भांडणात ते हिंदुस्थानीच्या बाजूचे. नया हिंद हे त्यांचं मासिक याच विचाराचं. फाळणीच्या वर्षात असल्या माणसाची दोन्हीकडून टिंगल व्हायची. तरी ते मागं हटले नाहीत.

आता येऊ १९४८ वर.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेव्हा १६ जिल्हे होते. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच लातूरचा, तिथं वकिली करणारा. १९४७ च्या मध्यापासून रझाकारांनी गावागावात जो धुमाकूळ घातला, तो या पट्ट्यातल्या लोकांना वेगळा सांगायला नको. खंडण्या, जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. मे १९४८ मध्ये शेजारच्या बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली असं सांगितलं जातं. हजारो हिंदू कुटुंबं घरदार टाकून सोलापूर, बार्शीकडं पळाली. स्टेट काँग्रेसनं सीमेवर कॅम्प उघडले. त्या पळापळीतही माणसं हरवली, त्यांचाही पत्ता कुणाला लागला नाही.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, जळकोट घेतलं आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास रणगाड्यांची तुकडी उमरग्यात होती. मुरुम या रस्त्यापासून थोडं आत. म्हणजे संस्थानात सगळ्यात आधी जो भाग निजामाच्या हातातून सुटला, तो हाच. पाच दिवसांत खेळ संपला. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली, १८ ला त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढं शस्त्रं ठेवली. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले.

रझाकार पळाले, पकडले गेले किंवा मारले गेले. पण ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे विणकर, शेतकरी, दुकानदार, अत्तारही सुडाच्या वणव्यात सापडले. कारण एकच, ते मुसलमान होते.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या आठवड्यांत एखादा माणूस घरी परतला नाही, तर घरच्यांना त्याचा शोध घ्यायला जागाच नव्हती. जुनं सरकार कोसळलं होतं. उस्मानाबादचे निजामकालीन कलेक्टर मोहम्मद हैदर स्वतःच अटकेत गेले होते (त्यांनी नंतर या सगळ्या काळाच्या आठवणी लिहिल्या, त्या २०१२ मध्ये पुस्तकरूपानं आल्या). नवे अधिकारी शेजारच्या प्रांतांतून येत होते, त्यांना गावं माहीत नव्हती. पाटील-कुलकर्णी बोलायला तयार नव्हते, कधी भीतीनं, कधी स्वतःच त्यात असल्यामुळं. आणि माणूस गायब होण्याची कारणंही एक नव्हती. तो मारला गेला असेल. रझाकार म्हणून पकडून कुठल्या तरी तुरुंगात टाकला असेल, कारण हजारो लोक आत होते. हैदराबाद शहरात पळाला असेल, तिथं निर्वासितांची गर्दी झाली होती. किंवा पार पाकिस्तानात पोचला असेल. प्रेत सापडत नाही तोवर बायकोनं स्वतःला काय समजायचं? जमीन कुणाच्या नावावर करायची? आज कायद्यात सात वर्षं काहीच खबर नसलेल्या माणसाला मृत मानायची सोय आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. १९४८ च्या हिवाळ्यात या बायकांकडं चूल पेटवायला घर नव्हतं.

तर, हे सगळं कानावर येऊ लागल्यावर दिल्लीत नेहरू अस्वस्थ झाले. लष्करी कारवाई यशस्वी झाली, देशात कुठं दंगल उसळली नाही, म्हणून सगळीकडं समाधान होतं. पण हैदराबादहून येणारी माणसं वेगळंच सांगत होती. खरं काय ते बघायला नेहरूंनी एक बिनसरकारी सदिच्छा मंडळ पाठवायचं ठरवलं. प्रमुख म्हणून नाव निघालं पंडित सुंदरलाल यांचं. वय ६२. सोबत काझी अब्दुल गफ्फार, उर्दूतले नावाजलेले लेखक, हैदराबादमध्ये पयाम हे दैनिक चालवलेले संपादक. आणि तिसरे मौलाना अब्दुल्ला मिसरी. दोन चिटणीस दिले होते, त्यातले एक अंबुलकर आडनावाचे.

२९ नोव्हेंबर १९४८ ला मंडळ हैदराबादला पोचलं आणि २१ डिसेंबरला दिल्लीत परतलं. जेमतेम तीन आठवडे. पण त्या तीन आठवड्यांत त्यांनी १६ पैकी ९ जिल्हे पालथे घातले. ७ जिल्ह्यांची ठिकाणं, २१ गावंशहरं आणि २३ महत्त्वाची खेडी. ज्या १०९ खेड्यांत जाता आलं नाही, तिथली ५०० हून जास्त माणसं भेटली. ३१ जाहीर सभा, २७ खासगी बैठका. रस्ते कसे होते, गाड्या कशा होत्या याचा विचार केला तर हे आकडे थक्क करतात.

कामाची पद्धत साधी होती. जाहीर सभेत दोन्ही समाजांना शांततेचं आवाहन करायचं, कारण अधिकृत काम तेच. आणि सभेनंतर लोक जे सांगायला येतील ते ऐकायचं. हिंदू, मुसलमान, अधिकारी, काँग्रेसवाले, इत्तेहादचे लोक, मास्तर, विद्यार्थी, सगळे आले. कुणी नवरा शोधत होतं, कुणी मुलगी.

जे समोर आलं ते लिहायलाही जड आहे. मंडळाच्या मते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत कहर झाला. मारल्या गेलेल्यांची संख्या या चार जिल्ह्यांतच १८ हजारांच्या खाली नसावी. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारांत किमान ५ हजार. आणि सगळ्या संस्थानाचा त्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार. हा अंदाजही त्यांनी हात राखूनच केला, असं अहवालात आहे. पुढच्या काळात याहून खूप मोठे आकडेही सांगितले गेले आणि खूप लहानही. पण तेव्हाच्या तेव्हा, गावात उभं राहून केलेली मोजणी ही एवढीच.

लातूरबद्दल अहवाल जरा तपशिलात बोलतो. मोठी बाजारपेठ, पैसेवाले कच्छी मुसलमान व्यापारी. तिथं वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालली. साधारण दहा हजार मुसलमानांपैकी मंडळ पोचलं तेव्हा गावात जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले होते. बाकीचे जीव घेऊन पळालेले.

विहिरी प्रेतांनी भरलेल्या होत्या. एका विहिरीत सुंदरलाल आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतः ११ प्रेतं मोजली. त्यात एक बाई होती आणि तिच्या छातीला तान्हं मूल चिकटलेलं होतं. कित्येक बायकांनी अब्रूच्या भीतीनं स्वतःहून विहिरीत उड्या घेतल्याचंही त्यांना कळलं. म्हणजे शोध घेणाऱ्या कितीतरी घरांचं उत्तर गावाच्याच विहिरीत होतं. पण ते सांगणारं कुणी नव्हतं.

अहवालानं दोष कुणाला दिला? इथंच खरी अडचण झाली. लुटालुटीत आणि खुनांत स्थानिक जमाव होता, बाहेरून सोलापूरसारख्या शहरांतून आलेले हत्यारबंद लोकही होते, असं त्यात आहे. आणि सगळ्यात टोचणारं म्हणजे, काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांनीही लुटीला चिथावणी दिली, काही ठिकाणी ते स्वतः सामील झाले, असंही नोंदवलंय. त्याच वेळी बऱ्याच ठिकाणी लष्कराची शिस्त चांगली होती, जनरल चौधरींचा हेतू स्वच्छ होता, हेही लिहिलंय. रझाकारांनी त्याआधी काय केलं, गावागावावर कशी खंडणी बसवली, तेही आहे. पण आधीच्या पापाची शिक्षा भलत्यांनाच झाली, हा त्यांचा निष्कर्ष.

अजून एक भाग आहे, ज्याची चर्चा कमी होते. कित्येक हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. एका धंद्यातली माणसं एकमेकांना जास्त धरून राहिली. काही गावांत हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी हिंदू जमावासमोर उभे राहिले आणि त्यात मेलेसुद्धा. पळवून नेलेल्या मुसलमान बायका शोधून परत आणायच्या कामातही बऱ्याच हिंदूंनी मदत केली. ज्या काही मोजक्या घरांना आपलं माणूस जिवंत परत मिळालं, त्यात या शेजाऱ्यांचा वाटा होता. सरकारी यंत्रणा नंतर आली.

अहवाल नेहरू आणि गृहमंत्री सरदार पटेल, दोघांकडं गेला. पटेल चिडले. त्यांचं म्हणणं असं की सरकारनं असली कुठलीही चौकशी करायला कुणाला पाठवलंच नव्हतं. सदिच्छा मंडळानं सदिच्छेचं काम करायचं. शिवाय हा अहवाल एकांगी आहे, रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेशी जागा नाही, असाही त्यांचा आक्षेप. पटेलांची बाजू समजण्यासारखी आहे. काश्मीरचा प्रश्न युनोत होता, हैदराबादचं प्रकरणही निजामानं तिथं नेलं होतं, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. हा कागद बाहेर गेला असता तर पुन्हा आग लागली असती, ही भीती खोटी नव्हती. पण आक्षेप मांडणं वेगळं आणि कागदच कपाटात घालणं वेगळं. त्यातल्या आकड्यांना खोडून काढायचं तर सरकारला स्वतःची चौकशी जाहीर करता आली असती. तसं झालं नाही. नेहरूंनीही अहवाल छापला नाही.

१९२९ मध्ये इंग्रजांनी सुंदरलाल यांचं पुस्तक चार दिवसांत बंद केलं होतं. निदान त्याच्या बहुतेक प्रती तोवर लोकांपर्यंत पोचल्या होत्या.

जगात इतरत्र हे वेगळ्या तऱ्हेनंही झालंय. अर्जेंटिनात लष्करी राजवटीनं पोरं गायब केली, तेव्हा १९७७ पासून त्यांच्या आया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात दर आठवड्याला गोल फेऱ्या मारत राहिल्या. राजवट पडल्यावर आयोग बसला आणि १९८४ मध्ये त्याचा अहवाल पुस्तक म्हणून दुकानांत विकायला आला. त्यात जवळपास नऊ हजार बेपत्ता माणसांची नोंद होती. तिथं गुन्हेगार सरळसरळ सरकार होतं, आपल्याकडं जमाव, रझाकार, वर्दीतली काही माणसं असं मिश्रण होतं, त्यामुळं दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजता येत नाहीत. पण घरच्यांचा प्रश्न तोच. सक्तीनं गायब केलेल्या माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये करार केला. भारतानं २००७ मध्ये त्यावर सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही.

सुंदरलाल यांचं पुढं काय झालं? ते थांबले नाहीत. १९५१ मध्ये भारताचं सदिच्छा मंडळ घेऊन चीनला गेले, परत येऊन त्यावर पुस्तक लिहिलं. भारत-चीन मैत्रीचं काम आणि जागतिक शांततेची चळवळ यात पुढची वर्षं गेली. १९६२ च्या युद्धानंतर चीनचा मित्र म्हणवणाऱ्याला देशात किती मान राहिला असेल, याची कल्पना करता येते. नकोशा बाजूला उभं राहायची त्यांना सवयच होती म्हणा. मे १९८१ मध्ये दिल्लीत ते वारले. वय ९४. तोवर हैदराबादचा अहवाल छापला गेला नव्हता.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरानं, १९८२ मध्ये, लातूर उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला. १९८८ मध्ये अभ्यासक उमर खालिदी यांनी हैदराबादवरच्या आपल्या पुस्तकात अहवालाचे भाग छापले. नंतर ए. जी. नूरानी यांनी फ्रंटलाइनमध्ये आणि २०१३ च्या पुस्तकात तो मांडला. त्याच वर्षी बीबीसीनं बातमी केली की दिल्लीत तीन मूर्तीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात हा अहवाल आता कुणालाही बघता येतो. म्हणजे १९४८ मध्ये ज्या बायकांनी सुंदरलाल यांना आपली हकीकत सांगितली, त्यांना ती कागदावर कशी उतरली हे बघायचं तर साठ-पासष्ट वर्षं जगावं लागलं असतं आणि वर दिल्ली गाठावी लागली असती.

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. अहवालात जिल्ह्याचं जुनंच नाव आहे. त्यात जिल्ह्यांचे आकडे आहेत, लातूरचा हिशोब आहे, विहिरीतल्या ११ जणांची मोजणी आहे. छापून आलेल्या अहवालात मेलेल्यांच्या आणि हरवलेल्यांच्या नावांची यादी नाही.